पान वाढल्यावर सांगू नका
आम्हा बेळगावकरांत पाहुण्याला उपाशी पाठवण्याची रीत नाही. म्हणूनच फोनवर दोनदा विचारूनही "आमचं काही नसतं वहिनी, काहीही चालेल" म्हणणारी माणसे पान वाढल्यावर पथ्ये सांगू लागतात, तेव्हा जीव मेटाकुटीला येतो. रविवार पेठेतून मुद्दाम आणलेला बासमती शिजलेला असतो, आमटीला लसणाची खमंग फोडणी बसलेली असते आणि रात्री आठला कळते, की सोबत आलेली नवी सून जैन असून कांदा, लसूण, बटाटा तर सोडाच, सूर्यास्तानंतर ती जेवतच नाही. तिच्या व्रताचा मला आदर आहे. राग येतो तो तिच्या सासरच्यांचा, कारण ती बिचारी सगळ्यांच्या पंगतीत अवघडून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आधी सांगायलाच हवे, कारण बाजारातल्या बहुतेक डबीबंद हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो आणि फोडणीत पडलेला हिंग वेचून काढता येत नाही. सकाळी नुसते कळवले असते, तर मुगाचे साधे वरण, दुधीची भाजी आणि गरम भाकरी मी तिला साडेपाचलाच आनंदाने वाढली असती.