कामावरची ये-जा आणि सरपण : एकच गाडी घेताना

रोज कामावर जाण्यासाठी आणि घरचे सरपण आणण्यासाठी एकच गाडी घ्यायची तर कोणती, असे विचारले की बहुतेक जण लगेच पिकअपचे नाव घेतात. मला हा सल्ला पटत नाही. कामाचे दिवस वर्षाला अडीचशेच्या आसपास असतात आणि सरपणाच्या खेपा फार तर आठ-दहा. त्या आठ-दहा खेपांसाठी उरलेले सगळे दिवस रिकामा हौदा घेऊन फिरायचे, ताठ पाट्यांच्या स्प्रिंगांचे हादरे सोसायचे, मागचा भाग हलका असल्यामुळे ओल्या रस्त्यावर जपून वळायचे आणि शिवाय इंधनही जास्त जाळायचे, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

गाडीच्या आधी लाकडाचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते. अशा हजार किलो लाकडात पाचशे किलो पाणी धरले आणि ते लाकूड फोडून, रचून, ओलावा वीस टक्क्यांवर येईपर्यंत वाळू दिले, तर त्याचे वजन सव्वासहाशे किलो भरते. म्हणजे पावणेचारशे किलो पाणी आपण गाडीतून विनाकारण वाहत होतो, आणि चुलीत घातल्यावर तेच पाणी उडवण्यात पुन्हा उष्णता वाया जाणार होती. शक्य असेल तिथे लाकूड तोडल्या जागीच फोडून वाळवावे आणि मगच आणावे. एवढे केले की लागणारी गाडी आपोआप लहान होते.

दुसरी फसगत डिकीच्या आकारमानाने होते. मागची आसने पाडल्यावर हजार-दीड हजार लिटर जागा मिळते, ती पाहून माणूस छतापर्यंत लाकडे रचतो. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, आणि कठीण जातीचे वाळलेले लाकूड नीट रचले तर घनमीटरभर ढिगाचे वजन चारशे ते पाचशे किलो होते. गाडीच्या परवानगीच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, त्यातच बसणारी माणसेही धरावी लागतात. समजा साडेचारशे किलो उरले आणि गाडीत दोन माणसे बसली, तर लाकडाच्या वाट्याला तीनशेच येतात. डिकी अर्धी रिकामी दिसत असताना भार पुरा झालेला असतो.

हे मला एका संध्याकाळी कळले. ओले ओंडके भरून मी निघालो, तेव्हा मागची चाके कमानीत शिरल्यासारखी दिसत होती. सुकाणू विचित्र हलके लागत होते आणि दिव्यांचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी झाडांच्या फांद्यांवर पडत होता. समोरून येणारे प्रत्येक वाहन दिवे उघडझाप करून मला इशारा देत होते. उतारावर ब्रेक दाबला तर गाडी नेहमीच्या जागेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. मागच्या आसनामागे मोकळे रचलेले ते ओंडके त्या क्षणी पुढे आले असते, तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून माझी पसंती साधी, लांब डिकीची, कमी इंधन खाणारी गाडी आणि कायद्याने मुभा असेल तिथे तिच्यामागे जोडायचा छोटा ट्रेलर, अशी आहे. साल, भुसा आणि किडे बाहेरच राहतात, आणि सोमवारी ट्रेलर सोडून गाडी कामावर नेता येते. मात्र ती गाडी किती वजन ओढू शकते, ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगळी मर्यादा किती, आणि हुकावर किती भार चालतो, हे तिन्ही आकडे खरेदीआधी पाहावेत. जड लाकडे ट्रेलरच्या आसावर आणि किंचित पुढे रचावीत, कारण वजन मागे गेले तर वेगात ट्रेलर डुलू लागतो. ट्रेलर शक्यच नसेल, तर जाळी आणि पट्ट्यांनी बांधलेल्या लहान खेपा जास्त कराव्यात. पूर्ण भारासाठी टायरमध्ये किती हवा हवी, ते बहुधा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते.

ज्यांना दर आठवड्याला रानवाटेने लाकूड आणावे लागते, त्यांनी पिकअपच घ्यावी. तिथे माझा आग्रह नाही.

बाकीच्यांनी गाडी पाहायला जाण्याआधी आपल्या ढिगातली दोन लाकडे उचलून एकमेकांवर आपटून पाहावीत. टोकांना भेगा असतील आणि टणक, खणखणीत आवाज आला, तर खेप भरावी. आवाज धप्प आला, तर लाकडे पुन्हा रचून आणखी काही महिने वाळू द्यावीत.