डोळे मिटा आणि लिहा

कथेत अंध पात्र आणायचे ठरलेच असेल, तर एखाद्या अंध व्यक्तीशी बोलण्याचा मोह प्रथम आवरावा. तशा बोलण्यातून माहिती मिळते आणि माहितीपुढे प्रतिभा बुजते. त्यापेक्षा डोळे मिटून खोलीत पाच मिनिटे चालावे, टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला की थांबावे आणि ती कळ ताजी आहे तोवर लिहायला बसावे. वर्षानुवर्षे दृष्टीशिवाय जगलेला माणूस तुमच्या पाचव्या मिनिटाच्या पुढे गेला असेल, अशी शंका मनात येऊ देऊ नये. त्याच्याभोवती अंधारही काळाकुट्टच असावा. पुष्कळ अंध व्यक्तींना उजेडाची किंवा आकारांची थोडीफार जाणीव असते खरी, पण त्याने करुणरसाचा रंग फिका पडतो.

पहिल्याच भेटीत त्याने नायिकेच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवावीत. अनोळखी माणसाच्या तोंडाला हात लावणे अंध माणसालाही तुमच्याइतकेच अवघड वाटते, पण प्रकरणाचा शेवट करायचा तर दुसरे काय सुचणार? रस्ता ओलांडताना नायिकेने त्याचा दंड धरून त्याला पुढे लोटावे. प्रत्यक्षात तो तिच्या कोपराच्या जरा वर हात ठेवून अर्धे पाऊल मागे चालतो आणि पायरी आली किंवा वळण आले, हे तिच्या हालचालीवरूनच ओळखतो. पांढरी काठी असलीच तर ती निव्वळ टेकण्यापुरती असावी. उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा काठीचे टोक डावीकडे असते, म्हणजे पुढच्या पावलाची जागा ते आधीच तपासून ठेवते, असला तपशील दिला तर पात्र उगाचच सक्षम वाटू लागते.

आणि त्याला सहावे इंद्रिय द्यायला विसरू नये. समोरची भिंत चेहऱ्याला जाणवते, असे काही अंध व्यक्ती सांगत. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या, कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगांत कान बंद करताच ती शक्ती नाहीशी झाली. खरे काम पावलांच्या प्रतिध्वनीचे होते आणि सरावाने तेच डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या डोळस माणसांनाही जमले. चमत्काराची अशी शिकवणी झाली, तर वाचक भारावणार कसा?

संपूर्ण अंध समाज कल्पायचा असेल, तर आपलेच शहर घ्यावे, सर्वांची दृष्टी काढून घ्यावी आणि रस्त्यांवरचे दिवे, पाट्या, भिंतीवरची घड्याळे मात्र जागच्या जागी ठेवावीत, म्हणजे लोक आपोआप धडपडतात. ज्यांना दृष्टी ठाऊकच नाही ते दिवे का लावतील, आवाज न देता खोलीत शिरणे त्यांच्यात चोरीइतके असभ्य ठरेल का, असला विचार करत बसू नये. इंग्रजी लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ या १९०४ सालच्या कथेत तो केला आणि फसले. त्यांच्या दरीतल्या घरांना खिडक्या नाहीत, वाटांच्या कडांना ओळखीच्या खाचा आहेत, लोक दिवसा झोपून रात्रीच्या गारव्यात राबतात. राजा व्हायला निघालेला डोळस पाहुणाच तिथे वेडा ठरतो आणि त्याचे डोळे काढणे हाच इलाज असल्याचे तिथला वैद्य सांगतो. तुम्ही मात्र पाहुण्याला दुसऱ्याच पानावर राज्याभिषेक करून टाकावा.

संवादांत ‘पाहणे’ हे क्रियापद येता कामा नये. अंध माणसे ‘उद्या पाहू’, ‘कालचा सामना पाहिला’ असे बिनदिक्कत म्हणतात, तिकडे दुर्लक्ष करावे. अडचण एवढीच, की मराठीत माणूस चाखूनही पाहतो, हात लावूनही पाहतो आणि हाक मारूनही पाहतो; पाहण्याचा मक्ता या भाषेने एकट्या डोळ्यांकडे कधी दिलाच नाही. अशी सारी वाक्ये कापून टाकावीत. पात्र जवळजवळ मुके झाले, तर ते अधिकच करुण वाटेल.

लेखन पूर्ण झाल्यावर पानांची छायाचित्रे काढून त्यांचीच पीडीएफ सर्वत्र पाठवावी. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरे सहसा वाचता येत नाहीत, त्यामुळे कुणा अंध वाचकाचा अभिप्राय येण्याची धास्ती उरत नाही.