"मुलं आवडतात का?" हा प्रश्न मुलाखतीत विचारू नका

बाळाला सांभाळायला ताई शोधताना मुलाखतीत नेमकं काय विचारायचं, असं गेल्या महिन्यात तिघीजणींनी विचारलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या वेळी मी एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला मुलं आवडतात ना?" त्या म्हणाल्या, "खूप." झाली मुलाखत. तीन आठवड्यांनी एकदा ऑफिसमधून लवकर घरी आले, तर पाच महिन्यांच्या लेकीला पालथं झोपवलेलं आणि तोंडाला लागून मऊ उशी. माझ्या पोटात गोळाच आला. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना कायम पाठीवरच झोपवायचं, अंथरुणात उशी किंवा मऊ खेळणी ठेवायची नाहीत, हे मी त्यांना ना विचारलं होतं, ना सांगितलं होतं. नुसता त्यांना दोष कसा देऊ?

तेव्हापासून मी घडलेलं विचारते. "मूल रडलं तर काय कराल?" याला सगळ्यांकडे तयार उत्तर असतं. त्याऐवजी विचारा, "बाळ रडायचं थांबतच नाही, असं शेवटचं कधी झालं? तेव्हा काय केलंत?" एक ताई जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "भूक, लंगोट, ताप, सगळं बघितलं. शेवटी माझाच जीव कावला. त्याला पाळण्यात ठेवलं, दोन मिनिटं दाराबाहेर उभी राहिले आणि त्याच्या आईला फोन लावला." मला हेच ऐकायचं होतं. त्राग्यानं बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आपला संयम सुटतोय हे ज्या बाईला वेळेवर कळतं, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

घशात काही अडकलं तर काय करायचं, हेही विचाराच. वर्षाच्या आतल्या बाळाला डोकं खाली ठेवून पालथं धरायचं, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. पोट दाबायचं नाही. त्यांना येत नसेल तर प्रथमोपचाराच्या वर्गाची फी आपण भरावी आणि सोबत आपणही बसावं.

पाळण्याचा प्रसंग सांगणाऱ्या ताई मुलाखतीला आल्या, तेव्हा लेक नऊ महिन्यांची होती. नवा चेहरा दिसला की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. त्या वयात मुलं असं करतातच. या ताईंनी आधी हात धुतले आणि जमिनीवर बसल्या. तिला उचलायला गेल्या नाहीत, एका डब्याचं झाकण फिरवत राहिल्या. दहाएक मिनिटांनी लेक रांगत गेली आणि झाकणावर हात ठेवला. पुढचे दोन दिवस मी घरात असताना त्यांनी तिला सांभाळलं. त्या दोन्ही दिवसांचे पैसे दिले, द्यायलाच हवेत.

मग त्यांनी मला प्रश्न विचारले. जेवायला वेळ किती? तुम्हाला उशीर झाला तर जादा पैसे? सुट्टी? काहींना हे आगाऊपणाचं वाटतं, ते मला अजिबात पटत नाही. घरकाम करणाऱ्यांना आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी हवी, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारातही आहे. आम्ही वेळ, पगार, आजारपणाची रजा सगळं कागदावर लिहिलं. कॅमेरा कुठे आहे तेही दाखवलं.

शेवटचा प्रश्न त्यांचाच होता. "बाळाला अचानक जास्त झालं आणि तुमचा फोन लागला नाही, तर मी कुणाला विचारू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री नवऱ्यानं आणि मी डॉक्टरांचा नंबर, आत्याचा नंबर आणि 'वाट न बघता दवाखान्यात न्या' असं मोठ्या अक्षरांत लिहून कागद फ्रिजवर चिकटवला.