‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कशाला?’ या मेसेजला उत्तर

सध्या बीड-परळीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली, ठोके मिळाले की बस. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी हा दवाखान्यांचा धंदा. तिच्या किरणांनी बाळाच्या मेंदूला इजा होते. आणि दोष निघाला तरी आपल्या हातात काय?”

किरणांचं आधी मिटवू. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतातच, ध्वनिलहरी असतात.

“तिसऱ्या महिन्यात झाली की बस” हे मात्र घातक आहे. कवटीच तयार झाली नसेल तर ते ११ ते १४ आठवड्यांत बहुतेकदा कळतं, हे खरं. पण तेव्हा बाळ जेमतेम बोटभर असतं. मणक्यातली फट, मेंदूत साठलेलं पाणी नीट बघायला १८ ते २० आठवडे व्हावे लागतात. डॉक्टर डोक्याचा आडवा छेद धरून मेंदूतल्या पोकळीची रुंदी मोजतात. ती १० मिलिमीटर किंवा जास्त भरली की पुढच्या तपासण्या लागतात. पाठीत फट असेल तर तिची खूण पुष्कळदा डोक्यातच सापडते: कपाळाच्या बाजू आत दबलेल्या, लहान मेंदू (मेंदूचा मागचा भाग) खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकलेला. बाळाची पाठ नीट दिसत नसली तरी एवढ्यावरून डॉक्टर सावध होतात, आईला जरा फिरून यायला सांगतात आणि पुन्हा बघतात. काही दोष यातूनही सुटतात, सातव्या-आठव्या महिन्यात दिसतात. म्हणून काय ही तपासणीच टाळायची?

“हातात काय?” पुष्कळ काही. बाळंतपण कुठे करायचं, मेंदू-मणक्याचे सर्जन कुठे आहेत, हे आधी ठरवता येतं. पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीच फोलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस सुरू करता येतो. दोष गंभीर असेल तर गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. उशीर झाला की हाच वेळ हातचा जातो.

आपल्याकडे सोनोग्राफीची धास्ती का आहे, ते समजतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे ८०७ च मुली होत्या. पण कायद्याने बंदी लिंग सांगण्यावर आहे, दोष शोधण्यावर नाही.

खर्चाचं म्हणाल, तर खासगीत तो जड जातो, नाकारत नाही. अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय आहे. आशाताईंकडे चौकशी करा. खरी अडचण कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या बाईची. तिचा पाचवा महिना उसाच्या फडात जातो आणि खाडा केला की पैसे कापले जातात. तिला मेसेज नको, एक दिवसाची सुट्टी हवी. ती मुकादमाने द्यावी, आणि घरच्यांनी निघण्याआधीच तारीख काढून फाइल तिच्यासोबत द्यावी.