केमोपोर्ट बसवू नका म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला, 'केमोपोर्ट कधीही बसवू नका' वाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. त्यात थोडक्यात असं आहे की पोर्ट हा हॉस्पिटलवाल्यांचा पैसे काढायचा धंदा आहे, देवाने हाताला शिरा दिल्यात त्या पुरेशा आहेत, पोर्टची नळी हृदयात घुसते, पोर्टमुळे कॅन्सर पसरतो, हमखास इन्फेक्शन होतं, एकदा बसवला की आयुष्यभर काढता येत नाही, आंघोळ बंद, एमआरआय बंद, आणि पोर्ट बसवतात म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडलीय असं समजा. खाली नेहमीसारखं, दहा जणांना पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल.

हा मेसेज टाकणारा माझा मामेभाऊच होता, आणि त्याने तो भीतीने टाकला होता, कारण येत्या गुरुवारी मामांना पोर्ट बसवायचाय. मामांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, आता केमो सुरू होणार. दादाने खाली एवढंच लिहिलं होतं, 'काय करायचं, कोणीतरी सांगा.' म्हणून सांगतेय, आणि सगळ्यांसाठी लिहितेय, कारण हाच मेसेज तीन वर्षांपूर्वी आमच्या मावशीलाही आला होता आणि तिने तो खरा मानला होता.

आधी पोर्ट म्हणजे काय ते सांगते, कारण मेसेजमध्ये ते कुठेच नाहीये. दहा रुपयाच्या नाण्याएवढी एक छोटी डबी असते, टायटॅनियमची किंवा टणक प्लास्टिकची, तिला वरून सिलिकॉनचं जाड झाकण असतं आणि एका बाजूने बारीक मऊ नळी निघते. कॉलरबोनच्या खाली कातडीच्या आत ही डबी बसवतात आणि नळी मानेतल्या किंवा कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेतून आत सोडतात. बाहेर काहीच लोंबत नाही, हात लावला तर फुगवटा लागतो एवढंच. केमोच्या दिवशी सिस्टर कातडीवरून त्या झाकणात सुई टोचतात, औषध डबीतून नळीत आणि नळीतून थेट मोठ्या शिरेत जातं. आणि ही काही काल-परवा आलेली वस्तू नाही, अमेरिकेतल्या सर्जननी १९८२ मध्ये हे तंत्र छापून जगासमोर मांडलं, तेव्हापासून ते चालू आहे.

आता हाताच्या शिरांचं. हा मुद्दा लोकांना पटकन पटतो, मावशीलाही पटला होता, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

सलाईनला, अँटिबायोटिकला हाताची शीर चालते हे खरंय. पण केमोची काही औषधं अशी असतात की ती शिरेच्या आत आहेत तोवर ठीक, शिरेबाहेर थोडी जरी झिरपली तर आजूबाजूचं मांस जाळतात. ॲड्रियामायसिन, जे लाल रंगाचं असतं म्हणून पेशंट त्याला 'लाल औषध' म्हणतात, ते त्यातलं सगळ्यात माहितीतलं. व्हिन्क्रिस्टीन, व्हिनोरेलबीन, एपिरुबिसिन ही पण तशीच. हाताच्या मागची शीर बारीक, तिच्यातून रक्त हळू वाहतं, औषध तिथल्या तिथे भिंतीला चावत बसतं, दोन-तीन सायकलनंतर, म्हणजे केमोच्या फेऱ्यांनंतर, शीर दोरीसारखी कडक होते आणि मग सुई सापडत नाही. याउलट छातीतल्या ज्या मोठ्या शिरेत पोर्टची नळी सोडतात तिच्यातून मिनिटाला साधारण दोन लिटर रक्त वाहतं, औषध पडल्या पडल्या त्यात मिसळून पातळ होतं. एवढंच त्यामागचं शास्त्र आहे.

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता, डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे डाव्या हाताला सुई टोचायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे उरला एकच हात. लाल औषधाच्या चार सायकल, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल असे बारा, आणि प्रत्येक वेळेआधी रक्त तपासायला वेगळी सुई. तुम्हीच हिशोब करा एका हाताला किती टोचायचं ते. डॉक्टरांनी पोर्ट सुचवला, मावशीने मेसेज दाखवून नको म्हटलं, आणि आम्हीही 'तिची इच्छा' म्हणून गप्प बसलो. याचं मला आजही वाईट वाटतं. तिसऱ्या सायकलला मी तिच्याजवळ बसले होते, ती म्हणाली 'अगं, हात जळजळतोय', मी म्हटलं औषध चालू आहे ना मावशी, होत असेल. आम्ही दहा-पंधरा मिनिटं कोणालाच बोलावलं नाही. सुईच्या बाजूला औषध झिरपलं होतं. दोन दिवसांनी फोड आले, मग कातडी काळी पडली, जखम भरायला चार महिने गेले, त्यात केमो लांबली, आणि तिची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत, भाकरी थापताना त्रास होतो. त्यानंतर पोर्ट बसवला आणि उरलेले सगळे डोस पोर्टमधून झाले.

म्हणून हाताने केमो घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, सुईच्या जागी जळजळ, चुणचुण, सूज, काहीही वाटलं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा, औषध बंद करायला सांगा. पोर्टवाल्यांनीही. पोर्टमध्येसुद्धा सुई नीट बसली नाही तर औषध बाहेर येऊ शकतं, म्हणूनच औषध सोडण्याआधी सिस्टर पोर्टमधून रक्त मागे ओढून बघतात.

मामांची गोष्ट अजून वेगळी आहे. त्यांना जो कोर्स द्यायचाय त्यात ५-एफयू हे औषध ४६ तास सलग, थेंबाथेंबाने जावं लागतं, दर दोन आठवड्यांनी, सहा महिने. पोर्ट असला की ते औषध भरलेला छोटा पंप कमरेच्या पिशवीत घालून माणूस घरी जातो, दोन दिवसांनी सुई काढायला परत येतो. हाताच्या शिरेत सुई ठेवून ४६ तास घरी पाठवणार नाहीत, पाठवूही नये. दादा, याला एक पर्याय असतो, काही जणांना ५-एफयूऐवजी गोळ्या देतात आणि दुसरं औषध तीन आठवड्यांनी सलाईनने, त्यात पोर्टशिवाय जमू शकतं. मामांना ते चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचार, किडनी वगैरे बघून ते सांगतील. हा प्रश्न विचारण्यात काही चुकीचं नाही, पण तो ग्रुपवर विचारून उत्तर मिळणार नाही.

पैशाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पोर्टला पैसे लागतात, वस्तूचे वेगळे, बसवायचे वेगळे, आणि ज्याचं घर आधीच ऑपरेशनने रिकामं झालंय त्याला ते जड जातात. आणि प्रत्येकाला पोर्ट लागतोच असंही नाही. नुसत्या गोळ्यांवर असाल तर नाही लागत, चारच सायकल आहेत, औषध सौम्य आहे आणि शिरा चांगल्या आहेत तर बऱ्याचदा नाही लागत. तेव्हा सरळ विचारा की माझं औषध शिरेला जाळणारं आहे का, एकूण किती डोस, किती महिने, माझ्या शिरा बघून तुम्हाला काय वाटतं. महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतील तर पोर्टचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा, हे बसवायच्या आधी योजनेच्या टेबलावर विचारा, आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बोला. पण 'पैसे लागतात म्हणजे धंदा' हे गणित चुकीचं आहे. मावशीच्या हाताच्या ड्रेसिंगला जो खर्च झाला तो पण कोणीतरी भरलाच ना.

इन्फेक्शन. होऊ शकतं, खोटं कशाला बोलू. रक्ताची गाठ होऊन नळीजवळची शीर बंद होऊ शकते, बसवताना क्वचित फुफ्फुसाला इजा होऊ शकते, नळी तुंबू शकते. हे सगळं संमतीपत्रावर लिहिलेलं असतं, सही करण्याआधी समजून घ्या. पण 'हमखास' हा शब्द खोटा आहे. ब्रिटनमध्ये १०६१ कॅन्सर पेशंटवर कावा नावाची मोठी ट्रायल झाली, २०२१ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात पोर्ट, दंडातून टाकतात ती पिक लाईन आणि छातीतून बाहेर येणारी हिकमन लाईन यांची तुलना केली होती. पोर्ट आणि पिक लाईनच्या तुलनेत पिकवाल्यांपैकी ४७ टक्के जणांना काही ना काही गुंतागुंत झाली, पोर्टवाल्यांपैकी ३२ टक्के. म्हणजे ३२ हा आकडा लहान नाही हे मान्यच, पण तीन-चार महिने बाहेर लोंबणाऱ्या नळीपेक्षा तो कमी आहे. शिवाय पिक लाईनचं ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावं लागतं. परळला टाटामध्ये ट्रीटमेंट घेऊन गडचिरोली-बुलढाण्याकडे गावी परतणाऱ्या माणसाने दर आठवड्याला स्वच्छ ड्रेसिंग कुठे करून घ्यायचं? पोर्टचं तसं नाही, सुई काढली की तो कातडीखाली बंद.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पोर्ट असलेल्या माणसाला ताप १०० पॉइंट ४ च्या वर गेला, किंवा पोर्ट फ्लश केल्यावर, म्हणजे सुईने द्रव सोडून नळी साफ केल्यावर, हुडहुडी भरली, किंवा त्या बाजूचा हात, मान सुजली, पोर्टवर लाली आली, तर सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

नळी हृदयात घुसते म्हणतात. नळीचं टोक मोठी शीर जिथे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला मिळते त्या तोंडाशी ठेवतात, मुद्दाम तिथेच, कारण तिथे रक्ताचा लोंढा सगळ्यात जास्त असतो. सोनोग्राफीवर शीर बघून टोचतात आणि टोक कुठे आहे ते एक्स-रेवर बघून खात्री करतात. नळी मऊ असते, ती काही भोसकत नाही.

पोर्टमुळे कॅन्सर पसरतो हे तर साफ खोटं. डबी आणि नळी, त्यात पसरवण्यासारखं आहे काय? कॅन्सर पसरतो तो गाठीतल्या पेशी रक्तातून नाहीतर लसिकेतून दुसरीकडे गेल्यामुळे. लोकांचा गैरसमज कशामुळे होतो ते मला कळतं, पोर्ट बसवलेला एखादा माणूस पुढे वारला, तर घरच्यांना आठवतो तो पोर्ट. त्यांच्या दुःखाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण कारण ते नाही.

आशा सोडली म्हणून पोर्ट बसवतात हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. ब्लड कॅन्सर झालेल्या लहान मुलांना, ज्यातली कितीतरी मुलं पूर्ण बरी होतात, त्यांना पोर्ट बसवतात, कारण त्यांची ट्रीटमेंट दोन-तीन वर्षं चालते आणि दर वेळी त्या इवल्याशा हातांना टोचायला नको म्हणून. मोठ्यांमध्येही ऑपरेशननंतर बरं करण्यासाठी जी केमो देतात तिच्यासाठीच पुष्कळ पोर्ट बसतात. मामांचा तसाच आहे. दादा, हे मामांना नक्की सांग, कारण त्यांनी तो मेसेज वाचलाय आणि ते विचारणार नाहीत, मनात ठेवतील.

आयुष्यभराचं म्हणाल तर ट्रीटमेंट संपली, डॉक्टरांनी हो म्हटलं की जागा बधीर करून काढतात, मावशीचा काढला तेव्हा ती दुपारी घरी येऊन चहा पीत बसली होती. ठेवायचा असेल तर वर्षानुवर्षं राहतो, फक्त वापरात नसताना ठरलेल्या वेळी फ्लश करून घ्यायचा. पूर्वी सरसकट चार आठवड्यांनी सांगायचे, आता काही ठिकाणी तीन महिन्यांपर्यंत चालवतात, तुमच्या हॉस्पिटलचं ऐका. झाकणातून हजारभर वेळा सुई जाऊ शकते, पण ती ह्यूबर सुईच हवी, टोकाला वळवलेली, जी सिलिकॉनचा तुकडा न पाडता आत जाते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्ट खराब होतो. गावाकडच्या दवाखान्यात कोणी 'आहे ना पोर्ट, त्यातूनच लावतो सलाईन' म्हणालं तर आधी विचारा, तुम्ही पोर्ट वापरलाय का, ह्यूबर सुई आहे का. नाही म्हणाले तर हाताला लावा म्हणायचं. आणि पोर्टचं कार्ड पाकिटात ठेवा, त्यावर मॉडेल असतं, सीटी स्कॅनला त्यातून जोराने डाय (फोटो स्पष्ट यावा म्हणून देतात ते औषध) सोडता येईल की नाही ते त्यावरूनच कळतं.

आंघोळ, जखम भरली आणि सुई काढलेली असली की रोजच्यासारखी. एमआरआय, बहुतेक पोर्टना चालतो, कार्ड दाखवायचं.

दादा, गुरुवारी मामांना पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाल, डोक्यातून काढायचा बनियन-टीशर्ट नको, नंतर हात वर करताना खांदा ओढतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ती कधी बंद करायची ते आजच फोन करून विचार. आणि परतताना गाडीचा पट्टा डबीवर घासतो, मध्ये एक घडी घातलेला नॅपकिन ठेव, मावशीने पाठवलाय माझ्याकडे, मी बुधवारी रात्री घेऊन येतेय.