हवा कितव्या मजल्यावर चांगली?

"वरच्या मजल्यावरची हवा शुद्ध असते," हे वाक्य आमच्या इमारतीत खरेदीखतातल्या कलमासारखं ऐकवलं जातं. ऐकवणारे सगळे वरच राहतात, हा योगायोग. तळमजल्यावरच्या काकांनी एकदा पुरावा मागितला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. धूलिकण मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं आणि 'नाही' म्हणायची धमक नव्हती.

यंत्र साधं. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या झोतात कण आले की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून पीएम २.५चा, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकणांचा, अंदाज निघतो. लिफ्ट मात्र बाद. ती वरखाली होताना सगळ्या मजल्यांची हवा घुसळते, म्हणजे खालची हवाही फुकटात वर जाते. भाच्याने ड्रोन सुचवला, पण त्याचे पंखे जी हवा मोजायची तीच ढवळून काढतात. उरले जिने. १८०४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक फुग्यात बसून सुमारे सात हजार मीटर उंचीवर गेला आणि तिथली हवा बाटलीत भरून घेऊन आला. त्याचं कौतुक आहेच, पण त्याला गुडघे वापरावे लागले नव्हते.

खरी मेख वेळेची. खाली आकडा टिपून धापा टाकत गच्ची गाठेपर्यंत रस्त्यावरची गर्दी बदललेली असते. मग आकडा उतरला तो उंचीमुळे की सिग्नल सुटल्यामुळे? म्हणून दुसरं यंत्र उसनं आणलं, एक कायम खाली ठेवायला. दोन्ही एका टेबलावर शेजारी ठेवली, तर त्यांचं आपसात पटेना. सख्खे भाऊच म्हणायचे! दोघांतला फरक वहीत लिहून घेतला आणि खालच्या यंत्राची राखण काकांकडे दिली. काकांनी शास्त्राची सेवा म्हणून यंत्राभोवती मनापासून झाडू मारला. त्या पाच मिनिटांत तळमजला शहरातला सर्वांत प्रदूषित भूभाग ठरला आणि काका कमालीचे खूश झाले.

निकाल कुणाच्याच सोयीचा नव्हता. पहाटे वारा पडलेला असताना थंड जमिनीलगतची हवा जड होऊन खालीच बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. तेव्हा खाली कण जास्त, वर कमी. पण ऊन तापलं की तीच हवा वर उठते, हजारेक मीटरपर्यंत सगळं एकत्र मिसळतं आणि त्या मापात आमची इमारत म्हणजे नुसती पायरी. दुपारी सगळे मजले समान. समानतेची ही बातमी वरच्या मजल्यांना फारशी रुचली नाही.

त्यांचं तोंड बंद करायला मी शेवटचं अस्त्र काढलं. रस्त्यालगत गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे रस्त्यापासून वर जावं तसा ओझोन बरेचदा वाढतो.

"बघा! ओझोनसुद्धा आमच्याकडेच जास्त," शेवटच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

तो आकाशात फार उंचावर असतो तेव्हा आपलं रक्षण करतो, श्वासात गेला तर फुप्फुसांना जाळतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण वहिनी तोवर फ्लॅटच्या जाहिरातीत 'भरपूर ओझोन' हे शब्द ठळक छापावेत की नाही, याची चर्चा करत होत्या.