अव्वाच्या वयाचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गडहिंग्लजच्या अव्वावर लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन सोडावी अशी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप दोन. जन्माचा दाखला नसताना बाई १०४ वर्षे जगली हे कशावरून मानायचे? खेड्यात म्हाताऱ्यांचे वय चढवूनच सांगतात. तुमच्या आजोबांना घरचे ११० चे म्हणत, ते निघाले ९२ चे. आणि दुसरा, लिंगायत बाईच्या समाधीवर नावाचा दगड बसवणे बसवण्णांच्या विचारात बसत नाही, त्याचे मी कौतुक कशाला केले?

वय चढवून सांगतात, हे खरे आहे. २०११ च्या जनगणनेत शंभरी गाठलेली माणसे देशात सहा लाखांवर नोंदली गेली, आणि लोकसंख्येचे अभ्यासक तो आकडा फुगलेला मानतात. म्हणूनच १०४ हा आकडा मी लेखात ‘दगडावर कोरलेला’ असा दिला होता. माझे स्वतःचे विधान ‘शंभरी ओलांडली’ एवढेच होते, आणि त्यावर मी ठाम आहे.

अव्वाची आई मानमोडीत गेली. १९१८ चा पावसाळा सरता सरता आलेला इन्फ्लुएंझाचा ताप तो. देशभरात एक कोटीहून जास्त माणसे त्यात दगावली. जनगणना सुरू झाल्यापासून भारताची लोकसंख्या घटली ती फक्त १९११ ते १९२१ या एकाच दशकात. नूलला अव्वाच्या माहेरी त्या वेळी आई गेली आणि मागोमाग तिच्या अंगावर पिणारे तान्हे बाळही गेले. हे अव्वा सांगायची, आणि तिच्या मावशीच्या घरची माणसेही स्वतंत्रपणे हेच सांगतात. आईच्या मरणानंतर लेक जन्मत नाही. तेव्हा १९१८ ही अव्वाच्या जन्माची शेवटची मर्यादा. ती स्वतः त्या बाळाहून मोठी, म्हणजे तेव्हा निदान दोन वर्षांची तरी असणार. डिसेंबर २०१९ मध्ये ती गेली. आता तुम्हीच मोजा.

‘मानमोडी’ हे नाव मागाहून चिकटवले असेल, असे तुम्ही म्हणाल. म्हणून दुसऱ्या बाजूनेही पाहिले. वडिलांनी दुसरे लग्न केले, त्या बायकोच्या पहिल्या मुलाचा शाळेचा दाखला घरात आहे. जन्मतारीख १ जून १९२१. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनचाच असतो, कारण मुलाला जूनमध्ये शाळेत घालायला आणले की मास्तर अंदाजाने तीच तारीख टाकत. वर्ष इकडेतिकडे झाले असेल हे धरून, अगदी ताणून आईचे मरण १९१९ च्या अखेरीला नेले तरी अव्वाचे शतक भरते. शिवाय थोरला मुलगा १९९६ ला ५८ व्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाला. त्याचे जन्मसाल १९३८, तेव्हा आई विशीबाविशीची. कुठेच गाठ अडत नाही.

उलट शाहू महाराज गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, ही तिची आठवण मी हिशेबात धरलेलीच नाही. ते साल १९२२, महिना मे. ती सहा वर्षांची असेल. पण अशी गोष्ट घरात इतकी सांगितली जाते की ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे काढता येत नाही. तिला स्वतःला आकड्यांचे काही नव्हते. ‘माझं वय काय इचारतोस, कोयनेचा दणका बसला तवा मी आज्जी झालो हुतो,’ म्हणायची. तो दणका म्हणजे डिसेंबर १९६७ चा भूकंप.

दाखला नसलेल्या पिढीचे वय असेच काढावे लागते. कोण आधी गेले, कोण पाठचे, कोणत्या साथीत, संस्थान विलीन होण्याआधी की नंतर. हे सांगणारी माणसे उरली आहेत तोवरच ते जमते, म्हणून मी या कामाच्या मागे लागलो आहे. कागद नाही म्हणून वयच नाही, असे म्हणून ती माणसे सोडून देणे मला मान्य नाही.

तुम्ही जाता जाता दीर्घायुष्याचे रहस्यही विचारले आहे. अव्वाने उमेदीची वर्षे मिरचीच्या वखारीत देठ खुडण्यात काढली. संकेश्वरी मिरची, दिवसभर बसले की बोटांची आग रात्री झोपू देत नसे, तेल लावून हात गार फरशीवर टेकवून ती पडायची. सात मुलांतली तीन तिने स्वतः मातीआड केली. सकाळी आंबील, दोन वेळा जोंधळ्याची भाकरी. तेच खाऊन, तेच काम करून तिच्या बरोबरीच्या कितीतरी बायका पन्नाशीही न बघता गेल्या. यातून मी रहस्य काढणार नाही.

आता दगडाचे. अव्वाला रीतीप्रमाणे बसवून पुरले: अंगाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग (लिंगायत आयुष्यभर अंगावर बाळगतात ते), वर बेल आणि माती. आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे दफनभूमीत, दोनतीन पावसाळ्यांत माती खचते, खूण राहत नाही, पुढे त्याच जागी दुसऱ्या कुणासाठी खणतात. ‘स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही’ हे बसवण्णांचे वचन तुम्ही माझ्यासमोर ठेवलेत; स्थावर म्हणजे बांधून उभे केलेले, जंगम म्हणजे चालतेबोलते. मीही ते मानतो. पण कर्नाटकात कूडलसंगमला जाऊन पाहा. नारायणपूरच्या धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा खुद्द बसवण्णांचे ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, बुडू नये म्हणून भोवती विहिरीसारखी भिंत बांधून ते जपले आहे, आणि हजारो शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, पायऱ्या उतरून तिथे माथा टेकतात. त्यांना कुणी बसवद्रोही म्हणत नाही. अव्वाच्या दगडाची तर पूजासुद्धा होत नाही. हातभर उंचीचा आहे, त्यावर तिचे नाव, गाव, वय आणि लिंगैक्याची, म्हणजे मृत्यूची, तारीख आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागले नाही. मृत्यूच्या तारखेबद्दल तो दगड पक्का आहे, वयाबद्दल एखाद्या वर्षाने चुकत असेल. लेकींनी वर्गणी काढून तो बसवला, आणि त्याचे कौतुक मी पुन्हा करतो.

तुमच्या आजोबांचे ९२ कसे काढलेत, ते मात्र जरूर लिहा. शाळेचा दाखला मिळाला, की नगरपालिकेच्या जुन्या नोंदवहीत सापडले, की भावंडांच्या वयावरून? आजरा आणि चंदगडकडच्या दोन वृद्धांचा हिशेब माझ्याकडे अर्धवट पडला आहे, त्यांच्या घरी एकही कागद नाही, आणि तुमची रीत कदाचित तिथे उपयोगी पडेल.